तीन हात दोर

उम्माने विहिरीत डबा सोडला आणि मी दोर मोजायला लागले. लातूरच्या माणसाला ही सवय असतेच. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात सासऱ्यांनी पाडलेली विहीर साठ फुटांची आहे आणि मार्चनंतर तिच्यात फक्त पारवे राहतात. शेजारच्या रानात बोअर घेतला तेव्हा नऊशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला होता. इथे एक हात, दोन हात, तीन हात, आणि डबा पाण्याला टेकला. वाकून बघितलं तर माझा चेहरा, वरचा माड आणि उम्माच्या डोक्यावरचा पांढरा कपडा, तिन्ही पाण्यात स्पष्ट दिसत होते. समुद्र तिथून दीडशे पावलांवर. आणि डब्यातलं पाणी गोडं!

डबा अर्धाच भरला होता. मी हाताने खूण केली, अजून बुडवा की. उम्माने मान हलवली. तिची मुलगी तिथल्याच शाळेत शिकवते, हिंदी चांगलं बोलते. ती म्हणाली, "दीदी, वरचं वरचंच घ्यायचं. खोल गेलं की खालचं खारं वर येतं."

लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर आम्ही चार दिवस उम्माच्या घरी उतरलो होतो; उम्मा म्हणजे तिथल्या भाषेत आई, आम्हीही तिला तसंच म्हणायचो. त्यातला हा विहिरीचा काठ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

जाण्याचं थोडक्यात सांगते. लक्षद्वीपला मनात आलं आणि निघालं असं होत नाही. परवाना लागतो, पोलीस ठाण्यातून दाखला आणावा लागतो. फेब्रुवारीत आम्ही लातूर-नांदेडकडचे अकरा जण निघालो. कोची गाठेपर्यंत दोन रात्री गेल्या, जहाजात एक. जहाजात मी उलट्यांनी आडवी झाले, ह्यांना काही झालं नाही. पोवळी, कासवं, काचेच्या तळाची होडी, हे आमच्यातल्या प्रत्येकाने स्टेटसला टाकून झालंय, ते मी पुन्हा सांगत नाही.

विहिरीचं गणित मुलीने समजावलं. ही बेटं पोवळ्यांच्या वाळूची. नदी नाही, ओढा नाही. पाऊस वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास, आमच्या जवळजवळ दुप्पट, पण पडला की वाळूत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरते तसं. भरतीला ती साय वर उचलली जाते, ओहोटीला खाली बसते. उम्माने विहिरीच्या आतल्या दगडावरची ओली रेघ दाखवली. सकाळी पाणी रेघेला लागलेलं होतं, दुपारी दोन बोटं खाली. कवरत्ती सगळं मिळून सव्वाचार चौरस किलोमीटरही भरत नाही आणि २०११ च्या जनगणनेतच तिथे अकरा हजारांवर माणसं होती. एवढ्या सगळ्यांची ही एक साय. कुणी मोटर लावून भसाभसा उपसलं तर शेजारच्याही विहिरीला खारेपण येतं.

प्यायचं पाणी वेगळं. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्तीत समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प उभारला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली नेऊन त्याची वाफ करायची आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंडगार पाण्याने त्या वाफेचं परत पाणी करायचं. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. मी तिथेच हिशेब केला, माणशी नऊ लिटरही पडत नाही. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. अंघोळ, धुणं, भांडी सगळं त्या सायीवर.

आता जे मला खुपलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातल्याच एका काकांनी न्हाणीतला नळ सोडून ठेवला. पाण्याला थोडी खारट चव होती, साबणाला फेस येईना, म्हणून "साचलेलं निघून जाऊ द्या" म्हणाले आणि बाहेर येऊन चहा पीत बसले. पाहुण्यांच्या न्हाणीसाठी त्या घरात छोटी मोटर होती, दिवसातून एकदा दहा मिनिटं चालवायची आणि वरची टाकी भरायची. ती टाकी मोकळी होत होती. मी पळत जाऊन नळ बंद केला. काका म्हणाले, "अहो, पैसे भरलेत आपण." २०१६ च्या उन्हाळ्यात हेच काका आमच्या गल्लीत टँकरच्या रांगेत दोन घागरी घेऊन माझ्यापुढे उभे असायचे. त्यांची सून बाळंतीण होती म्हणून मी त्यांना एकदा माझा नंबर दिला होता. नऊ-दहा वर्षांत माणूस इतका विसरतो? मला रागाने रडू आलं. वयाने मोठे, म्हणून तोंडातून एक शब्द काढला नाही. काढायला हवा होता. आजही वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

त्या दुपारी मी आमचे कपडे धुतले आणि खळबळलेलं पाणी बादलीत धरून ठेवलं. मुद्दाम केलं नाही, हात तसेच वळतात. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा आम्ही परातीत बसून अंघोळ करायचो, ते पाणी धुण्याला, धुण्याचं फरशीला, फरशीचं संडासाला. ती सवय घरात अजून आहे. उम्मा मागच्या दारी आली, बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातून बादली घेतली, हळूहळू दोन पपयांच्या बुंध्याशी ओतली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. मुलीला हाक मारली. तिला विचारायचं होतं, ही कुठली बाई आहे.

मी सांगत गेले, मुलगी तिच्या भाषेत सांगत गेली. लातूर कुठे आहे, समुद्रापासून किती लांब. धरण आटलं तेव्हा पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतील म्हणून १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. माणसं स्टेशनवर बघायला गेली होती. सासूबाईंनी तर हळद-कुंकू नेलं होतं.

उम्माने मध्येच थांबवलं. "गाडीने? आगगाडीने पाणी?" बेटावर रूळ नाही, तिने आगगाडी बघितली ती कोळिकोडला दवाखान्यात गेली तेव्हा. त्यांचा तांदूळ जहाजाने येतो, सिमेंट येतं, डिझेल येतं, ज्याच्यावर त्यांचे दिवे लागतात. पाणी तेवढं त्यांचं त्यांच्या वाळूत असतं. जमिनीवर राहणाऱ्या माणसांना पाणी बाहेरून आणावं लागतं, हे तिच्या ध्यानात बसेना. तिने दोनदा विचारून घेतलं. मग माझा हात हातात धरून बसून राहिली. तिचा हात खरखरीत होता, जन्मभर काथ्या वळलेला.

त्या दिवसानंतर आमचं जेवण बदललं. आम्ही शाकाहारी, आणि तिथे जेवण म्हणजे मासा. जहाज उशिरा आलं की भाजीच्या दुकानात बटाटा, कांदा आणि मोकळी खोकी. तरी उम्माने कुठून तरी कोबीचा गड्डा आणला. मुलीने किंमत सांगितली नाही, मी दुकानात जाऊन विचारली, एकशे वीस रुपये. पुढच्या दिवशी मी हट्ट केला की परसातलंच करा. मग शेवग्याचा पाला आणि नीरफणस खाल्ला, खोबरेल तेलात. इतकं मायेचं जेवण मला आमच्या किती नातेवाइकांकडे मिळालंय ते मोजायला नको.

संध्याकाळी मुलीशी गप्पा व्हायच्या. तिचा भाऊ टुना पकडणाऱ्या बोटीवर आहे. जाळं नाही, जिवंत बारीक मासळी पाण्यात फेकायची आणि टुना वर आला की एकेक गळाने उचलायचा. तो मासा उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवला की त्याचं 'मासमीन' होतं, लाकडासारखं टणक, महिनोन्महिने टिकतं. खोबरं आणि मासा सोडला तर उरते ती सरकारी नोकरी, तीही थोडी. आजारी माणूस गंभीर झाला की हेलिकॉप्टरने कोचीला, आणि वारा असेल तर वाट बघायची.

राज्यकारभाराचं तिने जे सांगितलं ते मी वहीत लिहून आणलंय. लक्षद्वीपला विधानसभा नाही. केंद्राने नेमलेला प्रशासक आणि एक खासदार. १९६७ पर्यंत तोही राष्ट्रपती नेमायचे, निवडणूक नव्हती. मग पी. एम. सईद सलग दहा वेळा निवडून गेले आणि २००४ ला ७१ मतांनी पडले. "आमच्या एका वाडीने खासदार बदलला," ती म्हणाली. २०२१ ला विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा मसुदा आला. आपल्या जमिनी विकासाच्या नावाखाली जातील म्हणून लोक घाबरले. ७ जूनला सगळ्या बेटांनी बारा तास उपवास धरला, दारात फलक घेऊन, काही पोरं तर फलक घेऊन पाण्याखाली गेली. उम्माही त्या दिवशी जेवली नव्हती.

तिने सांगितलं की ही बेटं १ नोव्हेंबर १९५६ ला मद्रास राज्यातून काढून केंद्रशासित केली. मी वही खाली ठेवली. त्याच दिवशी आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग तुम्हाला विधानसभा मिळाली, तुमचं बरं चाललं असेल?" मी तिला अनुशेष हा शब्द समजावून सांगायचा प्रयत्न केला, म्हणजे बाकी राज्याच्या मानाने आमचा मागे राहिलेला विकास. तो भरून काढायला आमचं वैधानिक विकास मंडळ १९९४ ला झालं, एप्रिल २०२० ला मुदत संपली, हे सांगितलं. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं, भाषणं होतात, पाण्याचे आकडे जाहीर होतात, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. "म्हणजे तुमचा निर्णय पण लांबूनच होतो," एवढंच म्हणाली.

एक गोष्ट मात्र ऐकून मी अर्धी रात्र जागी होते. त्यांच्यात घर बाईच्या वंशाने चालतं. मिळकतीचे दोन प्रकार, शुक्रवारची आणि सोमवारची. शुक्रवारची म्हणजे आईकडून आलेली, सगळ्या घराची, तिचे तुकडे होत नाहीत. सोमवारची स्वतः कमावलेली. लग्न झालं तरी मुलगी आईच्या घरी राहते, नवरा तिच्याकडे येतो. ती विहीर उम्माच्या आईची होती, पुढे मुलीची होईल. मी माहेरच्या सव्वाचार एकरावर हक्कसोडाची सही करून आलेली बाई. भावाने साडी नेसवली होती, मी हसत सही केली होती. त्या रानातही एक विहीर आहे. तिच्यावर आता माझं नाव कुठेच नाही, हे मला समुद्राच्या मधोमध, परक्या घरात, पहिल्यांदा टोचलं. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, आता काय करायचं त्याचं. मलाही माहीत नाही.

निघताना उम्माने नारळाचा गूळ दिला, माडाच्या गोड रसाचा. मी तिला लातूरहून नेलेल्या शेंगाचटणीची उरलेली पुडी दिली. काका शेवटच्या दिवशी तिच्या पाया पडले. तेव्हा माझा राग थोडा निवळला, सगळा नाही.

मेच्या शेवटी मुलीचा व्हॉइस मेसेज आला. मागे पावसाचा आवाज, पन्हळीखाली भांडी लावल्याचा खणखणाट आणि उम्माचं मोठ्याने काहीतरी बोलणं. मुलीने त्याचा अर्थ सांगितला: "पाऊस इथून निघालाय. तुमच्याकडे कधी पोचला ते कळवा म्हणते."

आज मृगाचा तिसरा दिवस. नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, आज पाचवा. आभाळ सकाळी भरून येतं आणि दुपारी मोकळं होतं. मी अजून कळवलेलं नाही.