गोंद न लावता जोडलेला लोखंडी पूल

आयर्नब्रिजचा पूल पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नट-बोल्ट शोधत होतो. इंग्लंडच्या श्रॉपशरमधलं हे छोटंसं गाव, नावच पुलावरून पडलेलं. टेलफर्डला रेल्वेतून उतरून बसने गेलो, सेव्हर्न नदीच्या काठावर आलो आणि मान वर करून अर्धा तास कमानीखाली उभा राहिलो. मूळ सांधे बहुतेक सगळे सुताराचे! खाचेत बसलेली कूस, डोव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखा पसरत जाणारा सांधा) आणि सांधा आवळायला ठोकलेल्या पाचरा. १७७९ च्या उन्हाळ्यात हा पूल उभारला तेव्हा असा लोखंडी पूल कुणी बांधलेलाच नव्हता. मग लोकांनी हाताला ठाऊक असलेले लाकडाचे सांधेच लोखंडात ओतले.

घरी आल्यावर ठरवलं, १:५० मापाचा पूल करायचा आणि गोंदाचा थेंबही वापरायचा नाही. मूळ कमानीचा गाळा, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, सुमारे ३०.६ मीटर, म्हणजे माझा ६१ सेंटिमीटर. टेबलावर सहज मावेल. महिनाभरात संपेल असं वाटलं होतं, अकरा महिने लागले.

पहिला प्रयत्न बाल्साच्या लाकडाचा. कापायला सोपं, पण पाचर ठोकली की खाचच दबायची आणि सांधा ढिलाच राहायचा. दुसऱ्यांदा कठीण लाकडाची फळी आणली. तिच्यातून कापलेली कमानीची वक्र फासळी जिथे लाकडाच्या रेषांना आडवी गेली तिथे कट्कन मोडली. शेवटी प्लायवुडवर आलो. या मोडतोडीत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. पूल बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. बीड दाब सोसतं, ताण मात्र त्याला सोसवत नाही. म्हणून कमान. कमानीत वरचं वजन मुख्यतः दाब होऊनच काठांकडे जातं.

मुख्य फासळ्या पाच, आणि प्रत्येकीचे दोन अर्धे. खऱ्या पुलातला असा एकेक अर्धा सुमारे ७० फूट लांब आणि पाच टनांहून जड आहे. मी हुशारी केली: एकच साचा काढून दहाही तुकडे एकदम कापले, आडवे दांडेही तसेच. जोडायला घेतले तर एका जागचा दांडा दुसरीकडे बसेना. कानसने घासत बसलो, स्वतःला शिव्या घातल्या. नंतर वाचनात आलं की मूळ पुलातही एकसारखे दिसणारे भाग तंतोतंत एकसारखे नाहीत, काही ठिकाणी मापात काही सेंटिमीटरचा फरक आहे. जागेवर बसेल तसा प्रत्येक भाग वेगळा ओतलेला. सतराशेच्या आसपास तुकडे, एकूण साधारण ३७८ टन लोखंड! मी निमूटपणे पेन्सिलीने प्रत्येक दांड्यावर क्रमांक घातला आणि एकेक करून बसवला.

खरी कसोटी उभारणीची. एक अर्धा धरला की दुसरा पडायचा, हात दोनच. मूळ कारागिरांनी हे कसं साधलं याचा अभ्यासकांनाही बराच काळ नीट उलगडा नव्हता. १९९७ साली स्टॉकहोममध्ये एलियास मार्टिन या चित्रकाराचं जलरंगातलं एक चित्र सापडलं. त्यात उभारणी चालू आहे आणि फासळ्या उचलायला नदीत लाकडी सांगाडा उभा आहे. मीही टेबलाच्या मधोमध पट्ट्यांची चौकट केली, दोरा बांधला आणि अर्धे तुकडे वर ओढून टोकाला टोक भिडवलं. तिसऱ्या खेपेला जमलं.

दोन्ही काठांना मी जाड पुस्तकांचे गठ्ठे ठेवले होते. एके दिवशी टेबल पुसताना एक गठ्ठा आत सरकला आणि कमानीचा माथा वर उचलला गेला. खऱ्या पुलाचं दुखणंही अगदी हेच. इथल्या दरीच्या दोन्ही बाजू हळूहळू नदीकडे सरकतात. १९७० च्या दशकात दोन्ही काठांमध्ये, नदीच्या तळाशी काँक्रीटचा आडवा आधार बसवला, तेव्हा ते सरकणं थोपवता आलं. मी माझ्या गठ्ठ्यांमध्ये एक फूटपट्टी अडकवली.

अंदाज चुकलेलाही मी एकटा नाही. पुलाचा आराखडा श्रूसबरीचा वास्तुकार टॉमस प्रिचर्डचा. तो १७७७ मध्येच वारला. पूल पूर्ण केला लोखंडाचा कारखानदार तिसऱ्या अब्राहम डार्बीने. त्याच्याच आजोबांनी १७०९ मध्ये जवळच्या कोलब्रुकडेलला कोक (भाजलेला दगडी कोळसा) वापरून लोखंड गाळलं होतं. अंदाज होता ३,२०० पौंडांचा, प्रत्यक्ष खर्च सुमारे ६,००० वर गेला आणि डार्बीच्या डोक्यावर कर्ज बसलं. मग १७८१ पासून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घेतला जाऊ लागला. टोलनाक्यावर फलक आहे: टपालगाडी असो, सैनिक असो की राजघराणं, सूट कुणालाच नाही. (आपल्याकडच्या टोलनाक्यांवर सूट असलेल्यांची यादी केवढी लांब असते!) वाहनं १९३४ मध्ये बंद झाली, तरी पायी जाणाऱ्यांचा टोल १९५० पर्यंत चालला.

माझा पूल पूर्ण झाल्यावर मी पुन्हा आयर्नब्रिजला गेलो. या वेळी पूल पाहायला नाही, सांधे पाहायला. २०१८ च्या डागडुजीत त्याला मूळचा गडद तांबूस रंग परत दिलाय, त्यामुळे सांध्यांच्या कडा आता छान उठून दिसतात. वाकून, दुर्बिणीतून एकेक तपासत गेलो. चौथ्या फासळीपाशी थांबलो. तिथल्या आडव्या दांड्याची कूस मी घरी उलट्या बाजूने घातली होती.

संध्याकाळच्या गाडीने परत आलो आणि फूटपट्टी काढून अख्खी कमान पुन्हा सोडवायला घेतली.