लाल मातीतलं लाल पोटॅश

सोमवारी सकाळी लॅबमध्ये आले तेव्हा मातीतून येणारे गॅमा किरण मोजणाऱ्या डिटेक्टरची रात्रभरची मोजणी संपली होती. ५० हजार सेकंद, म्हणजे जवळपास चौदा तास. स्क्रीनवर १४६० केईव्ही या ऊर्जेला पोटॅशियम-४० चं, म्हणजे किरणोत्सारी पोटॅशियमचं, शिखर असं उभं होतं, की हातातली ओली छत्री ठेवायचीच राहिली.

नमुना महाबळेश्वरच्या पठारावरचा, जांभ्या मातीचा. पोटॅशियम-४० तसं सगळीकडेच असतं. भिंतीत, केळ्यात, आपल्या अंगातही. पण जांभ्यात एवढं? तिथं वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पाऊस कोसळतो. पोटॅशियम कधीच धुऊन जातं. मागे उरतं लोह, ॲल्युमिनियम आणि हट्टी थोरियम. जगभरच्या मातीची सरासरी किलोला ४०० बेकरेलच्या (म्हणजे सेकंदाला ४०० अणूंच्या विघटनांच्या) आसपास धरतात. शेजारचे नमुने तिच्या खूप खाली, हा एकटाच तिच्या दुपटीला.

"मॅडम, नवीन काहीतरी सापडलं!" आमची नवी विद्यार्थिनी हरखली. मला आधी आठवलं ते डिटेक्टरभोवतीच्या शिशाच्या कवचाचं झाकण. ते नीट बसलं नाही तर खोलीच्या भिंतीही मोजल्या जातात. झाकण ठीक होतं. युरेनियम आणि थोरियमच्या मालिकांची, म्हणजे त्यांच्या विघटनातून बनत जाणाऱ्या अणूंची, शिखरंही शेजारच्या नमुन्यांएवढीच. दगड वेगळा असता तर तीही हलली असती. वाढलं होतं फक्त पोटॅशियम.

तिथल्याच खडकावरच्या मॉसचा आलेख तिनं काढला. त्यात ६६२ केईव्हीला सीझियम-१३७ चा बारीक उंचवटा, जुन्या अणुचाचण्यांची धूळ; आणि ४७८ ला बेरिलियम-७, वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होऊन पावसाबरोबर उतरणारं, ५३ दिवसांत निम्मं होणारं. मला हा आलेख फार आवडतो. पण मॉसला खरी मुळं नसतात, ते आभाळाकडून खातं. मातीच्या भांडणात त्याची साक्ष काय कामाची!

मग गाडीवाल्या मामांना फोन लावला.

"मामा, त्या दिवशी पिशव्या पुरल्या होत्या ना?"

"शेवटच्याला नाही पुरली. स्ट्रॉबेरीच्या मळ्यातलं रिकामं पोतं घेतलं. चांगलं झटकून घेतलं की ओ मॅडम!"

पोतं कशाचं, ते विचारावंच लागलं नाही. पोटॅश खत लालसर, जांभ्याची माती लाल. डोळ्यांना कळणार कसं? पोटॅशियम क्लोराइडमध्ये ग्रॅमला साधारण १६ बेकरेल असतात. किलोभर मातीत ५० ग्रॅम गेलं तरी ८०० ची भर पडते.

तरी खात्री हवी होती. हे खत पाण्यात विरघळतं, म्हणून थोडी माती ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा धुतली, वाळवली, पुन्हा रात्रभर मोजायला लावली. मंगळवारी शिखर शेजाऱ्यांच्या पातळीला आलं होतं. धुतलेली माती अर्थातच तक्त्यात धरता येत नाही. नमुना बाद, घाट पुन्हा चढणं आलं. विद्यार्थिनी दिवसभर गप्प होती.

आता गाडीच्या मागच्या सीटखाली कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा असतो. निघताना मामा तो मोजून दाखवतात, मी न विचारताच.