कॉर्दोबाच्या खांबांमध्ये दोन सकाळी

आत पाऊल टाकताना आईनं सवयीनं चपलेतून टाच काढली. मी तिचा हात धरला. इथं चपला पायातच असू द्यायच्या, पुरुषांनी डोक्यावरची टोपी मात्र काढायची, कारण स्पेनमधल्या कॉर्दोबाचं हे आज कॅथीड्रल आहे. आईला ते पटेना. तिच्यासमोर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानींची रांग होती, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी एक, आणि नजर पोचेपर्यंत चर्चसारखं काहीच दिसत नव्हतं. गावातली माणसंही रस्ता सांगताना ‘मेस्किता’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये मेस्किता म्हणजे मशीद.

माद्रिदहून वेगवान गाडीनं दोन तासांच्या आत आम्ही कॉर्दोबाला उतरलो होतो. जुन्या ज्यू वस्तीच्या पांढऱ्या बोळांतून चालत संत्र्यांच्या अंगणात आलो. पूर्वी हात-पाय धुऊन नमाजाला जाण्याचं हे अंगण. तेव्हा मशिदीची ही बाजू उघडी होती, आतल्या खांबांच्या रांगा आणि बाहेरच्या झाडांच्या रांगा सलग दिसत असाव्यात. आता बहुतेक कमानी बुजवल्या आहेत, त्यामुळे उन्हातून एकदम काळोखात शिरल्यासारखं होतं. डोळे सरावेपर्यंत आम्ही दोघी नुसत्याच उभ्या राहिलो.

आज इथं ८५६ खांब आहेत. मी तिथं जाऊन पहिल्यांदा नीट पाहिलं ते हे, की त्यातले दोन शेजारी सारखे नाहीत. एक गुळगुळीत, एक पिळाचा. एकाचा माथा रोमन पानाफुलांचा, दुसऱ्याचा ओबडधोबड. दमास्कसहून जीव वाचवून आलेल्या उमय्या घराण्यातल्या पहिल्या अब्दुर्रहमाननं ७८५-८६ च्या सुमारास मशीद बांधायला घेतली, तेव्हा पडक्या रोमन आणि व्हिसिगॉथ (अरबांआधी इथं राज्य करणाऱ्या लोकांच्या) इमारतींचे खांब आणून उभे केले. त्याआधी या जागी संत विन्सेंटचं चर्च होतं असं जुने अरबी इतिहासकार लिहितात. एका ठिकाणी जमिनीला काच बसवली आहे आणि खाली जुनी मोझेकची फरशी दिसते.

पण आणलेले खांब बुटके होते. एवढ्या मोठ्या दालनाला तेवढ्या उंचीचं छत म्हणजे माणसाचा जीव गुदमरणार. मग कारागिरांनी खांबाच्या डोक्यावर आणखी एक दगडी खांब चढवला, खालून नालाच्या आकाराच्या कमानीनं तो शेजाऱ्याला बांधला आणि वरच्या कमानीवर छत पेललं. दोन कमानींमधून हवा आणि उजेड आरपार जातो. स्पेनमधल्याच मेरिदा शहराच्या रोमन जलवाहिनीत असे एकावर एक मजले आणि वीट-दगडाचे पट्टे आहेत. ते पाहून ही युक्ती सुचली असावी असं अभ्यासक म्हणतात. इथले लाल पट्टे विटांचे, पांढरे दगडाचे. रंग दिलेला नाही, बांधकामच तसं आहे. अडचणीतून इतकं देखणं उत्तर निघालेलं मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

पुढं दक्षिणेला त्याच घराण्यातल्या खलिफा दुसऱ्या अल-हकमनं ९६० च्या दशकात वाढवलेला भाग येतो. इथं खांब उसने नाहीत, खास घडवलेले, गुलाबी आणि निळसर-काळे आलटून पालटून. टोकाला मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा. त्याच्या कमानीवरचं सोन्याचं मोझेक करायला बायझंटाइन सम्राटानं कॉन्स्टँटिनोपलहून कारागीर आणि काचेचे तुकडे पाठवले होते. म्हणजे मशिदीच्या सर्वांत पवित्र कोनाड्याची सजावट एका ख्रिस्ती सम्राटाकडून आली. वर एकमेकींना छेदणाऱ्या फासळ्यांचा आठ कोनी तारा आणि त्यावर घुमट. मान दुखेपर्यंत मी वर पाहत होते. माझ्या शेजारी कठड्याला हात टेकून एक वयस्कर गृहस्थ नुसतेच उभे होते, ओठ हलत होते. इथं नमाज पढायला परवानगी नाही. त्यांच्याकडे पाहून मला वाईट वाटलं, आणि ते अजूनही वाटतं.

पूर्वेचा शेवटचा वाढीव भाग खलिफाच्या नावानं कारभार चालवणाऱ्या अल-मन्सूरचा, ९८७-८८ चा. दक्षिणेला नदी आडवी आल्यानं तो पूर्वेला पसरला, म्हणून मिहराब आता मधोमध नाही. इथल्या कमानी नीट पाहा: लाल पट्टे विटांचे नाहीत, दगडावर रंगवलेले आहेत. घाई दिसते. याच अल-मन्सूरनं ९९७ मध्ये स्पेनच्या वायव्य टोकाच्या सांतियागोवर स्वारी केली, तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून इथं आणवल्या आणि त्यांचे दिवे करून मशिदीत टांगले असं सांगतात. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांदोनं कॉर्दोबा घेतलं, तेव्हा त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत गेल्या.

हे ऐकून आई म्हणाली, “मग आपल्या मेणवलीची घंटा?” आईचं माहेर वाईचं. चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा मेणवलीच्या घाटावर अजून आहे, आणि तिच्यावरची बाळाला घेतलेली मेरी आईनं लहानपणापासून पाहिली आहे. “आम्ही तिला देवीच समजायचो,” ती म्हणाली. त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही.

आणि मग, खांबांमधून चालता चालता, अचानक छत नाहीसं होतं आणि पांढरंशुभ्र, उंच, खिडक्यांतून ऊन ओतणारं कॅथीड्रल समोर येतं. मशिदीच्या ऐन पोटात. १२३६ नंतर जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांनी इमारत बरीचशी होती तशी वापरली. राजघराण्याची समाधी असलेलं चॅपल तर १३७१ मध्ये मुस्लिम शैलीच्या चुनेगच्चीनं आणि रंगीत फरश्यांनी मढवलं. १५२३ मध्ये बिशप मानरिके यांनी मधला भाग पाडून नवं कॅथीड्रल उभारायचं ठरवलं. नगरपरिषदेनं कडाडून विरोध केला, पाडकामाला हात लावणाऱ्या कामगाराला मृत्युदंड असा हुकूम काढला. बिशपनं विरोधकांना धर्मबहिष्कृत केलं. अखेर सम्राट पाचव्या चार्ल्सनं बिशपच्या बाजूनं कौल दिला. पुढं इथं येऊन पाहिल्यावर, जगात कुठंही असतं ते बांधण्यासाठी कुठंच नसलेलं मोडलंत, असं तो हळहळला अशी आख्यायिका आहे.

मी नगरपरिषदेच्या बाजूची आहे. पण बाकावर बसून वर पाहताना हे कॅथीड्रल बांधणाऱ्या एर्नान रुइस या वास्तुकारांच्या घराण्याबद्दल आदरही वाटला. बापानं सुरू केलं, मुलानं पुढं नेलं, पुरं व्हायला १६०७ उजाडलं. भिंतीत जुन्या कमानी जिथं जिथं ठेवता आल्या तिथं त्यांनी ठेवल्या आहेत, आणि नवा दगड जुन्याला जिथं भिडतो तो सांधा त्यांनी लपवलेला नाही. अठराव्या शतकातले महोगनीचे कोरीव बाक सुंदर आहेत, पण मी त्यांच्यापाशी फार थांबले नाही.

संध्याकाळी घंटाघरावर चढलो. त्याच्या आत तिसऱ्या अब्दुर्रहमानचा मिनार आहे, वादळानं खिळखिळा झाल्यावर नव्या दगडात गुंडाळलेला. वरून कौलारू पन्हाळ्यांच्या समांतर रांगा दिसतात आणि मधोमध उसळून आलेलं चर्च.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश विनामूल्य असतो आणि गटानं येणारे नसतात, म्हणून शांतता असते. जाणार असाल तर ही वेळ चुकवू नका. आईला पाथरवटांच्या खुणा पुन्हा पाहायच्या होत्या. खांब घडवणाऱ्यांनी दगडावर कोरलेली आपली नावं, त्यांचे ठसे घेऊन मांडून ठेवलेत. मला अरबी येत नाही. शेजारी हिजाब घातलेली एक मुलगी ते लक्षपूर्वक पाहत होती. आईनं तिला मराठीतच विचारलं, बोट ठेवून. मुलीला कळलं. तिनं एकेक नाव सावकाश वाचलं आणि आई प्रत्येक नाव तिच्यामागून म्हणत गेली.