हे अजून कशाला चालवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं सगळेच विचारतात. मेहुणा दर दिवाळीला फराळ करता करता विचारतो, नेटची वायर जोडायला आलेल्या मुलानेही विचारलं होतं: "इंटरनेट असताना हे बीबीएस कशाला?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, "ह्यातून मिळतं काय?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. काही नाही.

बीबीएस, म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम, हा कुणाच्या तरी घरातला एक संगणक असतो. पूर्वी त्याला टेलिफोनची लाइन आणि तिच्यावरून संगणकाचा मजकूर ने-आण करणारं यंत्र, म्हणजे मॉडेम, जोडलेलं असे. तुम्ही फोन लावायचा, आत शिरायचं, लोकांनी ठेवलेले निरोप वाचायचे, आपले ठेवायचे, एखादी फाइल उतरवून घ्यायची आणि लाइन सोडायची. लाइन एक, म्हणून एका वेळी पाहुणाही एकच. १९७८च्या जानेवारीत शिकागो बर्फाखाली ठप्प झालं होतं, तेव्हा वॉर्ड क्रिस्टन्सन आणि रँडी सुएस या दोन हौशी मंडळींनी असा पहिला बोर्ड रचायला घेतला. १६ फेब्रुवारीला तो सुरूही झाला.

मी बोर्ड पहिल्यांदा पाहिला १९९४ साली, दादरला मामाकडे. मॉडेम सेकंदाला २४०० बिटांचा. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे दोन हजार अक्षरं. एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं येणार, तर एक पडदा भरायला आठेक सेकंद. मजकूर डोळ्यांदेखत वरून खाली उतरायचा आणि आतून मामी ओरडायची, "फोन मोकळा करा रे, ताईंचा यायचाय!" मामाने जुना मॉडेम मला देऊन टाकला आणि पुण्यात आमच्या घरी एसटीडीचं, म्हणजे परगावच्या फोनचं, बिल वाढलं. रात्री अकरानंतर पाव दर असायचा, तरीही वाढलं. बाबा बोलले काही नाहीत, फोनला कुलूप घातलं. तीच लाइन मॉडेममध्ये थेट खोचता येते, हे त्यांना पुढच्या बिलात कळलं.

मग १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. त्याच सुमारास दूरसंचार खात्याने बोर्ड चालवणाऱ्यांसाठी लाखांच्या घरातली परवाना फी काढली होती. घरच्या फोनवर हौस भागवणारा माणूस ती कुठून भरणार? पण खरं सांगायचं तर फी नसती तरी लोक गेलेच असते. मीही गेलो.

परत आलो तो वीसेक वर्षांनी. आता लाइन नाही, मॉडेम नाही. टीव्हीच्या मागे रास्पबेरी पाय नावाचा हाताच्या पंजाएवढा संगणक आहे आणि त्यावर बोर्ड चालवायचं सिंक्रोनेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर. लोक इंटरनेटवरूनच येतात, टेलनेटने किंवा एसएसएचने; दूरच्या संगणकात शिरायच्या या दोन वाटा. सांगायला सोपं, पण आमच्या नेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता कैक घरांत वाटून दिलेला, त्यामुळे बाहेरून आमचं दार कुणाला सापडेचना. शेवटी भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला आणि घरापासून तिथवर बोगदा काढला. महिन्याचा खर्च दोन अमृततुल्य चहावाल्यांना माहीत आहे, कारण तेवढे चहा मी कमी केले.

आणि सापडलं दार, तर आधी आले चोर. टेलनेटचं २३ नंबरचं पोर्ट, म्हणजे त्याचं ठरलेलं दार, उघडं दिसलं की यंत्रं रात्रंदिवस कडी वाजवतात आणि नेहमीची नावं-पासवर्ड घालून बघतात: रूट, अ‍ॅडमिन, एक-दोन-तीन-चार. २०१६मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कॅमेरे आणि राउटर असेच कारखान्यातले पासवर्ड घालून ताब्यात घेतले होते. माझ्याकडे हजार टकटकींमागे एखादा माणूस असतो. नेमाने येणारी माणसं आठ-दहा. टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो, म्हणून दारातच पाटी लावली आहे: बँकेचा पासवर्ड इथे वापरू नका. तरी एकाने वापरला.

मराठीचं मात्र वाईट वाटतं. जुन्या पीसीच्या २५६ चिन्हांत चौकटी आहेत, ठिपक्यांच्या छटा आहेत, हसरा चेहराही आहे, देवनागरी नाही. त्या काळच्या डॉसवर ती आणायला संगणकात बसवायचं सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं, पण ते समोरच्याकडेही हवं. आजच्या टर्मिनलवर अक्षरं उमटतात, पण जोडाक्षर आलं की रकाने सरकतात आणि चौकट फुटते. म्हणून आम्ही रोमनमध्येच मराठी लिहितो. न्यू जर्सीच्या एका गड्याने आईबद्दल लिहिलं होतं. "काल आली" की "कळ आली" यावर दोन दिवस काथ्याकूट झाला. काल आली होती, विमानाने.

तर, कशाला? कारण इथे वाचून संपतं. रात्री जेवणं आटोपली की मी आत जातो, पाच-सहा नवे निरोप वाचतो, एखाद्याला उत्तर देतो आणि पडदा सांगतो, नवीन काही नाही. त्याच्या खाली आणखी काही सरकत येत नाही. खेळसुद्धा तसेच. लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन हा १९८९चा खेळ. जंगलात दिवसाला ठरावीक लढाया मिळतात, संपल्या की उद्या या. बोर्डांना जोडणाऱ्या फिडोनेट या जाळ्याने १९८४पासून एका बोर्डाचे निरोप दुसऱ्याला पोचवले तेही रात्री, फोनचे दर उतरल्यावर. टंचाईपायी घातलेले नियम होते हे. मला आता ते टंचाई नसतानाही हवेत. हे म्हातारपण असेल, नाकारत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी दोघांचे फोन आले, एक नागपूरहून, एक न्यू जर्सीहून. दोघांचा प्रश्न तोच: "बोर्ड बंद दिसतोय, तू बरा आहेस ना?"

म्हटलं, मी बरा आहे, इन्व्हर्टर गेलाय.