अर्धा कप चहा

"अहो मॅडम, अर्धा कप चहा म्हणजे काय खाणं झालं का?" एंडोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने पोट तपासायच्या खोलीच्या दारातच बाबांचा सवाल.

भूलतज्ज्ञ मॅडम हसल्या, पण ऐकलं नाही. नुसतं पाणी असतं तर २ तास. दुधाचा चहा म्हणजे ६ तास थांबा.

ट्रेमध्ये प्रोपोफॉलची बाटली होती, दुधासारखं पांढरंशुभ्र औषध. मिनिटभरात झोप. पण श्वासही मंदावतो, आणि याला उतारा नाही. त्या गुंगीत पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जाऊ शकतं. मायकेल जॅक्सन २००९ मध्ये याच औषधाने गेला, तेही घरी, धड देखरेख नसताना.

बाबा धुसफुसत बसले. तेवढ्यात शेजारचे काका कुजबुजले, "मी बिस्किटं खाल्लीत. सांगितलंच नाही!"

मी तडक मॅडमना गाठलं. चुगली म्हणाल का याला?