शिट्टी कधीपासून आहे?

मी नगरला ऑडिओलॉजिस्ट आहे. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं. लोकांच्या भाषेत मी "कानाच्या मशीनवाली मॅडम". दिवसभर काम एकच, काचेच्या खोलीत पेशंट बसवायचा, बाहेरून बीप द्यायचे, ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. ९० टक्के पेशंट वयाने बहिरे झालेले असतात आणि त्यांना सुनेने किंवा मुलाने टीव्हीच्या आवाजाला वैतागून ओढत आणलेलं असतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात असेच एक सरदारजी आले, पंच्याहत्तरीचे, ताठ. माजी सैनिकांच्या योजनेतून रेफर झालेले. सोबत सून, श्रीगोंद्याकडची, अगदी आपली मराठी मुलगी. नोकरीच्या शेवटी त्यांचं पोस्टिंग इथल्या आर्मर्ड कोरच्या, म्हणजे रणगाडा दलाच्या, सेंटरला होतं, मुलगा इथेच शाळेत गेला, मग भिंगारजवळ घर बांधलं आणि राहिले ते राहिलेच. मराठी छान बोलतात, मधे मधे पंजाबी घुसते. सून म्हणाली, "पापाजींना डावीकडून बोललं तर कळतं, उजवीकडून बोललं तर भिंतीशी बोलल्यासारखं."

टँकवाले पेशंट आमच्याकडे नवीन नाहीत. लहानपणी के. के. रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या घराच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आता तीच माणसं म्हातारी होऊन माझ्या खुर्चीत येऊन बसतात. त्यांचे ग्राफ मला न तपासता काढता येतील अशी माझी समजूत होती. जाड आवाज बरे ऐकू येतात, ४००० हर्ट्झला आलं की रेघ दरीत पडल्यासारखी खाली. इंजिनाचाच आवाज शंभर डेसिबलच्या वर, तोफेचा एक बार १४० च्या वर, आणि त्या काळी कानात काय तर कापसाचे बोळे आणि वर हेडसेट. सरदारजींच्या बाबतीत तर तो हेडसेटही पटक्यावर चढवलेला, म्हणजे मधे कापडाची घडी, म्हणजे कानाला नीट चिकटणारच नाही.

त्यावरून आठवलं, माझा हेडफोनही पगडीवर बसत नाही आणि पगडी काढा म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून कानात घालायचे छोटे इन्सर्ट फोन काढले. त्यांच्या ते लक्षात आलं, बोलले काही नाहीत, फक्त मान हलवली.

आधी ओटोस्कोपने कान बघितले. डावा साधा. उजव्यात बघितलं आणि थांबले. पडद्यावर चुन्यासारखा पांढरा डाग आणि त्याच्याजवळ पातळ, सुरकुतलेली जागा. पडदा कधीतरी फाटून आपोआप भरून आला की असं दिसतं. विचारलं, "काका, लहानपणी कान वाहायचा का?" नाही म्हणाले. "कोणी कानफटात मारलेली? अपघात?" नाही. टेस्ट केली. डाव्या कानाचा ग्राफ माझ्या अंदाजासारखाच, दरीसकट. उजव्याला ती दरी होतीच, पण शिवाय जाड आवाजांनाही रेघ खाली, हवेतून ऐकणं आणि हाडातून ऐकणं यात २५ डेसिबलचं अंतर. हे टँकचं काम नाही. टँक आतली नस मारतो, पडदा असा फाडत नाही. मी ग्राफ त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "काका, हे जे आहे ना, हे फौजेच्या आधीचं दिसतंय."

ते बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "पासष्ट का है."

छेहर्टा. अमृतसरहून अटारीकडे जाताना जीटी रोडवर लागतं, तेव्हा लोकरीच्या गिरण्यांचं गाव, वडील त्यातल्याच एका गिरणीत. हे पंधरा वर्षांचे. सप्टेंबर १९६५, सीमा जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवर, रात्रभर तोफा ऐकू यायच्या तरी अमृतसरची माणसं घरं सोडून गेली नव्हती, उलट ट्रक थांबवून जवानांना लस्सी आणि परोठे द्यायची, आणि हा मुलगा लस्सीची बादली धरायला. २२ तारखेला रेडिओवरून लढाई थांबणार असं सगळ्यांच्या कानावर आलं होतं. रात्र काढायची की झालं. आईने पीठ आणायला पाठवलं.

"चक्की चालू होती ना," ते म्हणाले, "चक्कीच्या आवाजात विमान ऐकूच आलं नाही."

यापुढे त्यांनी जे सांगितलं ते मी फार लिहीत नाही. त्यांना आठवतं ते असं, की आवाज आलाच नाही, फक्त सगळं पांढरं झालं, आणि ते पांढरं धूर नव्हता, पीठ होतं. उठले तर उजव्या कानातून गरम काहीतरी मानेवर येत होतं. चक्कीवाला गेला, आणि रांगेत त्यांच्या पुढे उभा असलेला वर्गातला मित्र गेला. छेहर्ट्यात त्या दिवशी पन्नासहून जास्त माणसं मेली, सगळी साधी माणसं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला युद्धबंदी लागू झाली.

सून माझ्याकडे बघत होती. लग्नाला अठरा वर्षं झाली म्हणे, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मला राहवेना, मी विचारलं की मग भरतीच्या मेडिकलमध्ये कसे सुटलात, तिथे तर वीस फुटांवरून पाठमोरं उभं करून कुजबुजतात. यावर पहिल्यांदा हसले. पडदा तोवर भरत आला होता, पण पूर्ण नाही. म्हणून रांगेत पुढच्या पोरांना आधीच विचारून घेतलं की काय बोलतात. तर सगळ्यांना तेच चार आकडे! यांनी ते पाठ केले आणि डावा कान बंद करायला सांगितल्यावर ठणकावून म्हणून दाखवले. पन्नास वर्षांपूर्वीची चोरी माझ्या काचेच्या खोलीसमोर कबूल केली.

टँकच का, तर लढाईनंतर भिखीविंडला जाऊन बघून आले होते. खेमकरण आणि असल उत्तरला पकडलेले, फुटलेले पाकिस्तानी पॅटन टँक तिथे रांगेने उभे केले होते, लोक त्याला पॅटननगरच म्हणायचे, जत्रेसारखी गर्दी. एका टँकच्या पोलादात मूठ जाईल एवढं भोक होतं, त्यात हात घालून बघितला. कडा चाकूसारख्या. तेव्हा ठरवलं की यापुढे आपण भिंतीच्या आड नाही, पोलादाच्या आड बसायचं. (भोक पोलादालाच पडलं होतं हे मी बोलले नाही, पंधरा वर्षांच्या पोराचा हिशोब तो.) १९६८ ला भरती, ट्रेनिंग इथेच नगरला, ट्रेड गनर. रेजिमेंटचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण सेंच्युरियन टँक आणि १९७१ ची शकरगढची लढाई, एवढं सांगायला हरकत नाही.

गनर म्हणजे काय हे मला तोवर माहीतच नव्हतं. चार जण आत, आणि गनरला बाहेरचं जग फक्त साइटच्या गोलात दिसतं, बशीएवढं. बाकी सगळं कानाने. कमांडर हेडसेटवर दिशा सांगणार, लोडर "लोडेड" ओरडणार, गनरने निशाणा बसला की "ऑन" म्हणायचं, मग "फायर". ब्रीच, म्हणजे तोफेचा मागचा भाग, झटक्यात मागे येतो, रिकामी पितळी केस खणकन खाली पडते, बारुदाचा धूर नाकातोंडात, की लगेच पुढचा निशाणा. बसंतर नदी, पलीकडे सुरुंग पेरलेले, पूर्ण साफ व्हायच्या आत टँक त्यातून घातले, आणि १६ डिसेंबरला जरपालजवळ पॅटन येतच राहिले. आपल्या पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याच दिवशी तिथेच पडले, त्यांचा "फामागुस्ता" नावाचा टँक आता इथेच नगरला ठेवलाय. मी मूर्खासारखं विचारलं, तुम्ही किती टँक मारले? म्हणाले, "मोजायचं काम कमांडरचं."

पण ते १६ तारखेबद्दल फारसं बोललेच नाहीत. बोलले ते १७ बद्दल. रात्री आठ वाजता युद्धबंदी, असं वायरलेसवर आलं. बाकीचे खूश. हे एकटे घामाघूम, डिसेंबरच्या थंडीत. कारण यांना माहीत होतं की युद्धबंदीच्या आधीचे तास कसे असतात. बाकीचे खाली उतरून शक्करपारे खात होते, हे साइटला डोळा लावून आतच बसले. कमांडरने दोनदा बोलावलं तरी नाही उतरले. आठ वाजले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आणि तेव्हा पहिल्यांदा कानात ती शिट्टी ऐकू आली.

"तब से है," म्हणाले. "बंदच झाली नाही."

माझ्या फॉर्मवर एक रकाना असतो, शिट्टी कधीपासून. लोक लिहितात दोन वर्षं, पाच वर्षं, आठवत नाही. मी तिथे लिहिलं, १७/१२/१९७१, रात्री ८. मग शिट्टीचा सूर जुळवायची टेस्ट केली, एकेक आवाज द्यायचा आणि विचारायचं की हाच का. ४००० च्या जवळ आले तसं त्यांनी बोट वर केलं, डोळे मिटलेलेच.

दोन्ही कानांना मशीन दिलं. बॅटरी घालायला शिकवताना बहुतेक म्हातारे ती चणाडाळीएवढी गोळी दहा वेळा पाडतात, सरदारजींनी पहिल्याच झटक्यात बसवली, हात तसूभर हलला नाही. सून उजव्या बाजूने हळूच "पापाजी" म्हणाली आणि त्यांनी वळून बघितलं.

तीन आठवड्यांनी सेटिंगला बोलवायचं होतं. मी डायरी बघून म्हटलं, १७ डिसेंबर, मंगळवार, संध्याकाळी सहा, चालेल? बोलल्यावर माझं मलाच कळलं. सून म्हणाली, "नको मॅडम, १७ ला ते कुठे जात नाहीत. रात्री आठपर्यंत जेवतही नाहीत. मी तर दरवर्षी साबुदाणा भिजवते, मला वाटायचं कसला तरी उपास आहे."

१९ तारीख दिली.