बोलोन्याला एफएटीसाठी जाणाऱ्यांनी आधी कारखान्याचा पत्ता नीट वाचावा

पुणे, नाशिक किंवा संभाजीनगरच्या ज्या कंपन्या गोळ्या, बिस्किटे किंवा चहा भरण्याची यंत्रे इटलीहून मागवतात, त्यांच्या अभियंत्यांना कधी ना कधी बोलोन्याला जावेच लागते, कारण पॅकेजिंग यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांची या शहराच्या आसपास मोठी दाटी आहे. यंत्र जहाजावर चढण्यापूर्वी ते बनवणाऱ्याच्या कारखान्यातच चालवून पाहायचे आणि मगच स्वीकृतीच्या कागदावर सही करायची, या चाचणीला आपण सगळे एफएटी म्हणतो. तिच्यासाठी मी नोव्हेंबरात गेलो होतो. यंत्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती निघण्यापूर्वी मिळालेल्या माहितीबद्दल, आणि पुढच्या माणसाची तरी फसगत होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

ऑर्डरवर बोलोन्या लिहिलेले असले तरी कारखाना बहुधा बोलोन्यात नसतो. तो ओझ्झानो, कास्तेल सान पिएत्रो, काल्देरारा अशा आसपासच्या एखाद्या गावाच्या औद्योगिक पट्ट्यात असतो. यंत्र पुरवणाऱ्यांच्या प्रतिनिधीने आम्हाला कळवले होते की मुख्य स्टेशनजवळ हॉटेल घ्या, लोकल गाडी पंधरा मिनिटांत आणून सोडते आणि तिथून कारखाना दोनच किलोमीटर आहे, चालत या. गाडीचे खरे निघाले. ते दोन किलोमीटर मात्र कोणीही चालू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो.

स्टेशनबाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटे पदपथ आहे. गाव संपते तिथे तो कुठलीही सूचना न देता संपतो आणि आपण थेट हमरस्त्याच्या कडेला येतो. हा रस्ता म्हणजे व्हिया एमिलिया, रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत सरळ रेषेत जाणारा, इ. स. पू. 187 मध्ये रोमनांनी बांधायला घेतलेला. आज त्यावरून एकामागोमाग एक ट्रेलर धावतात. कडेच्या पांढऱ्या पट्टीपलीकडे जेमतेम वीतभर डांबर, त्यानंतर ओले गवत आणि लगेच पाण्याने भरलेला चर. समोरून ट्रेलर आला की त्याचा आरसा खांद्याजवळून जातो आणि मागून येणारा वारा अंगातले जाकीट ओढतो. वाटेत लागणाऱ्या गोल चौकात पादचाऱ्यांसाठी पट्टे नाहीत, त्यामुळे दोन वाहनांमधली फट हेरून धावावे लागते. सकाळी पो नदीच्या सपाटीवरचे धुके इतके दाट होते की दिवे अगदी जवळ आल्यावरच दिसत. संध्याकाळची स्थिती त्याहून वाईट, कारण नोव्हेंबरात तिथे पाचच्या आधीच सूर्य मावळतो आणि चाचणी साडेपाच-सहापर्यंत चालते. ट्रेक करणाऱ्या माणसाला दोन किलोमीटरचे काय, असे कोणी म्हणेल. मीही सह्याद्रीत नियमित चालणारा आहे. इथे प्रश्न दमाचा नाही, पाय ठेवायला जागाच नसण्याचा आहे. ज्यांनी हा सल्ला दिला ते स्वतः तिथे कधीही चालत गेलेले नसणार, याची मला खात्री आहे.

तेव्हा खरेदी करारातच लिहून घ्या की हॉटेल ते कारखाना ने-आण पुरवठादार करेल. लाखो युरोंचे यंत्र विकणाऱ्याला ही मागणी जड नाही. ते जमले नाही तर कारखान्याच्या गावातच हॉटेल घ्या, किंवा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून गाडी भाड्याने घ्या. गाडी घेतली तर बोलोन्याच्या जुन्या भागात नेऊ नका. तिथे परवान्याशिवाय प्रवेश नसलेला पट्टा आहे, कॅमेरे क्रमांक टिपतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. टॅक्सी मुंबईसारखी हात करून मिळत नाही. ठरावीक थांब्यावर जावे लागते किंवा फोन करावा लागतो. औद्योगिक पट्ट्यातून ती हवी असेल तर कारखान्याच्या स्वागतकक्षाला अर्धा-पाऊण तास आधी सांगून ठेवा.

विमानतळावरून स्टेशनला जाणाऱ्या मोनोरेलचे कौतुक सगळे करतात. ती सात-आठ मिनिटांत पोहोचते हे खरे, पण एवढ्याशा अंतरासाठी एका माणसाला दहा युरोंहून जास्त मोजावे लागतात. दोघे असाल तर वीस-पंचवीस युरोंत टॅक्सी हॉटेलच्या दारात सोडते आणि बॅगा ओढाव्या लागत नाहीत. एकटे असाल तरच मोनोरेल घ्या.

बोलोन्या सेंत्राले स्टेशनासाठी वेळ राखून ठेवा. मिलान किंवा रोमकडे जाणाऱ्या बऱ्याच जलद गाड्या 16 ते 19 क्रमांकांच्या फलाटांवरून सुटतात आणि हे फलाट जमिनीखाली खोल आहेत. मुख्य दारातून तिथे पोहोचायला सामानासह पंधरा मिनिटे सहज लागतात. शिवाय क्रमांकापुढे ‘ओव्हेस्त’ (पश्चिम) किंवा ‘एस्त’ (पूर्व) लिहिलेले फलाट वेगळ्याच बाजूला आहेत. नुसता आकडा वाचून धावू नका. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर पैसे भरलेले असूनही दंड होतो.

शाकाहारी मंडळींना ‘इटलीत काही अडचण येत नाही’ असे सांगितले जाते. बोलोन्यापुरते हे चूक आहे. तोर्तेल्लिनीच्या सारणात डुकराचे मांस असते आणि ती मांसाच्या रश्श्यात वाढतात. नावात एका अक्षराचा फरक असलेली मोठी तोर्तेल्लोनी मात्र बहुधा रिकोत्ता चीज आणि पालेभाजी भरलेली असते. ती लोणी आणि सेजच्या पानांबरोबर मागवा. पियादिना ही पोळी दिसायला निरुपद्रवी, पण कणकेत अनेकदा डुकराची चरबी असते, म्हणून ‘सेन्झा स्त्रुत्तो’ असे विचारूनच घ्या. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनते, हे कडक पथ्य पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दुपारी अडीचनंतर बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात आणि रात्री साडेसातपूर्वी उघडत नाहीत. थेपले आणि मेतकूट बरोबर असावे. बिलात माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो. ती लूट नव्हे, तिथली रीत आहे. हॉटेलचा शहर-करही वेगळा भरावा लागतो, त्याची पावती कंपनीसाठी मागून घ्या.

शहर सुंदर आहे. इथल्या कमानींच्या ओसऱ्या एकूण 62 किलोमीटर भरतात, त्यांतल्या निवडक भागांना युनेस्कोने 2021 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि पाऊस असूनही त्यांच्याखालून कोरडे फिरता येते. एका संध्याकाळी मी तेवढेच केले.

तारखा ठरवताना ऑगस्ट टाळा, कारखाने बंद असतात. मार्चमध्ये कॉस्मोप्रोफ आणि सप्टेंबरच्या अखेरीस चेर्साइये ही प्रदर्शने असतात. त्या आठवड्यांत साध्या खोलीचा दर कित्येक पटींनी वाढतो. परतीचा दिवस शक्यतो शुक्रवार ठेवू नका, कारण रेल्वेचे संप पुष्कळदा शुक्रवारीच होतात. माझ्या परतीला तसेच झाले. फलकावर ‘शोपेरो’ हा शब्द दिसला तर घाबरू नका: कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवणे बंधनकारक असते. संप आधी जाहीर होतो, म्हणून आदल्या रात्री तपासा आणि सकाळची गाडी धरा, मग विमान दुपारचे असले तरी.